शंकेचा हिशेब : हिंगोलीच्या भूमीवरील दोन मोजण्या

मराठवाड्याच्या नकाशावर हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा म्हणून उमटला तो १ मे १९९९ रोजी, परभणीपासून वेगळा होऊन. परंतु नकाशा ही ज्या विद्येची निष्पत्ती, त्या मापनविद्येशी या भूमीचा आलेला संबंध त्याहून पावणेदोनशे वर्षांनी जुना आहे. नागनाथाचे प्राचीन देवालय, नामदेवांचे नर्सी आणि हळदीची मोठी पेठ यांमुळे जो जिल्हा महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्याच्या पूर्वेकडून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पृथ्वीचा आकार ठरविणारी एक रेषा गेली, आणि त्याच्याच पोटात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाच्या शिवारात, आज अवकाशाची कंपने मोजणारी वेधशाळा उभारली जात आहे. या दोन मोजण्यांना जोडणारा दुवा केवळ भूगोलाचा असता तर त्याची दखल स्थलमाहात्म्याच्या पानावर घेऊन थांबता आले असते. तो दुवा अधिक खोल आहे. आपल्याच आकड्याविषयी मोजणाऱ्याने घेतलेली शंका, त्या शंकेचे त्याने मांडलेले गणित आणि ते गणित चारचौघांपुढे ठेवण्याची त्याची तयारी, या तीन गोष्टींवर भौतिकशास्त्रातील सारे मापन उभे आहे. आणि त्या तिन्हींची कसोटी पाहणारे प्रसंग या दोन्ही मोजण्यांच्या इतिहासात आले.

पहिल्या मोजणीचा प्रारंभ येथून फार दूर, मद्रासेस झाला. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची पायारेषा मोजावयास घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांतून ताणायची, तिच्या जवळची उष्णतामापके वाचायची, आकडा टिपायचा आणि मग सगळा सरंजाम उचलून पुढे न्यायचा, या क्रमाने ते काम सत्तावन्न दिवस चालले. उष्णतामापक कशासाठी, असा प्रश्न आज कोणी विचारील. पण ती साखळी एका फॅरनहाइट अंशाने तापली की इंचाच्या सुमारे सात सहस्रांशाने लांबते, आणि पायारेषेत तिची जवळजवळ चारशे अंतरे येत असल्यामुळे तपमानातली एका अंशाची चूक शेवटी तीन इंचांच्या घरात जाते. एकदा ही एक बाजू मोजून झाली की पुढचे काम कोनांचे: अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडीत जायचे आणि उरलेल्या सर्व बाजू त्रिकोणमितीने काढायच्या. १८०४ साली बंगळूर येथे लॅम्बटनने दुसरी पायारेषा प्रत्यक्ष मोजली, आणि मद्रासेकडून गणिताने काढत आणलेली लांबी व ही मोजलेली लांबी यांत सुमारे पावणेचार इंचांची तफावत निघाली. दोनशे मैलांच्या त्रिकोणमालिकेनंतर उरलेली ही तफावत थोडी की फार, हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचे हे की आपले काम आपणच तपासावयाचे आणि जे उरेल ते जगापुढे ठेवायचे, ही पद्धत या मोहिमेच्या आरंभीच घालून दिली गेली.

पुढे १८१८ साली या मोहिमेस 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' असे नाव मिळाले, लॅम्बटनचे ठाणे हैदराबादेत आले आणि त्याच्या हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट हा तरुण अधिकारी रुजू झाला. निजामाच्या अमलाखालील या मुलखात तोवर जमिनीचे माप म्हणजे देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरातला बिघ्यांचा आकडा होता. हिंगोलीस निजामाच्या पदरच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेची छावणी पडलेली होती. आणि पावसाळ्यानंतरच्या रानातील ताप हा वाघापेक्षा मोठा शत्रू मानला जाई. त्याच तापाने एव्हरेस्टला गाठले व त्याला प्रकृतीसाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. खुद्द लॅम्बटन तर हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला, आणि वर्धा जिल्ह्यातील त्याच गावी त्याचे थडगे आहे. त्याच्या पश्चात एव्हरेस्टने बिदरजवळच्या दामरगिड्ड्यापासून वऱ्हाडातील टाकळखेड्यापर्यंत आणि तेथून पुढे माळव्यात त्रिकोणमालिकेची ही दक्षिणोत्तर रेषा, म्हणजेच महाचाप, नेली. दामरगिड्डा १८ अंश ३ कला अक्षांशावर आणि टाकळखेडा २१ अंश ६ कलांच्या जवळ. त्यांच्या मधोमध, पावणेवीस अंशांच्या आसपास, हिंगोलीचा अक्षांश येतो. रेखांशाच्या हिशेबाने पाहिले तर त्या महाचापाची कण्यासारखी रेषा हिंगोली शहराच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवरून गेली आहे. पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे, याचे जे मान एव्हरेस्टने १८३० साली प्रसिद्ध केले आणि जे पुढे शतकाहून अधिक काळ हिंदुस्थानच्या प्रत्येक सरकारी नकाशाच्या बुडाशी राहिले, त्यात या गोदाकाठच्या मुलखात मोजलेल्या अंशांचा वाटा आहे.

त्या मोहिमेतील एक प्रसंग मात्र मी विस्ताराने सांगणार आहे, कारण पुढील सर्व विवेचनाचा तो पाया आहे. एव्हरेस्ट १८३० साली इंग्लंडहून परतला तो पितळ व लोखंड यांच्या जोडीने बनविलेले, तपमान बदलले तरी आपल्या टोकांवरील खुणांचे अंतर बदलू न देणारे गज घेऊन. आणि साखळीच्या जागी ते वापरून त्याने जुन्या कामाची फेरतपासणी केली. माळव्यातील कल्याणपूर आणि हिमालयाच्या पायथ्याकडील कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशाचा फरक त्रिकोणांच्या साहाय्याने एक येई आणि ताऱ्यांचे वेध घेऊन दुसराच येई. दोहोंत सव्वापाच विकलांचे, म्हणजे जमिनीवर सुमारे दीडशे मीटरांचे अंतर पडे. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट हा धर्मोपदेशक गणितीही होता. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचते, म्हणून ही तफावत असावी असे धरून त्याने हिशेब केला, तो उत्तर आले जवळजवळ सोळा विकला, म्हणजे हव्या त्याच्या तिप्पट! पर्वत एवढा मोठा असून त्याचे आकर्षण एवढे थोडे का, या प्रश्नातून १८५५ च्या सुमारास ही कल्पना पुढे आली की पर्वतांखालचे भूकवच तुलनेने हलक्या द्रव्याचे असून ते खालच्या जड थरावर जणू तरंगत असते. भूशास्त्रातील समस्थितीचा सिद्धान्त तो हाच. सव्वापाच विकलांची ती शिल्लक 'मोजणीत एवढे चालायचेच' म्हणून कोणी बासनात बांधली असती, तर हिमालयाच्या मुळाशी काय आहे याचा पत्ता इतक्या लवकर लागला नसता.

याच्या उलट उदाहरण फ्रान्समध्ये घडले होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ पासून १७९९ पर्यंत, देलांब्र आणि मेशें या दोन ज्योतिर्विदांनी डंकर्क ते बार्सिलोना ही मध्यान्हरेषा मोजली, कारण विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा कोट्यंश भाग म्हणजे एक मीटर, असे ठरले होते. बार्सिलोनाच्या अक्षांशात मेशेंला तीन विकलांची विसंगती आढळली. ती आपल्याच निष्काळजीपणाची खूण समजून त्याने ती दडविली आणि उरलेले आयुष्य त्या मनस्तापात काढले. त्याच्या मृत्यूनंतर देलांब्रने कागद पाहिले तेव्हा सत्य उजेडात आले. उपकरणाचा आणि निरीक्षणाचा स्वभावच असा असतो की प्रत्येक वाचन किंचित वेगळे येते, हे ज्ञान तेव्हा नुकतेच अंकुरत होते. ले-जांद्रने १८०५ साली आणि गाउसने १८०९ साली लघुतम वर्गांची पद्धत मांडली, आणि तेव्हापासून त्रुटी ही मोजणाऱ्याच्या चारित्र्यावरील डाग न राहता गणिताचा विषय झाली. मेशें आणखी दहा वर्षे जगता तर त्याला स्वतःस क्षमा करता आली असती.

मीटर मात्र पृथ्वीच्या पाठीवरून पुढे निघून गेला. १८८९ साली तो प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावरील दोन रेघांत येऊन राहिला, १९६० साली क्रिप्टॉनच्या एका विशिष्ट प्रकाशाच्या तरंगलांबीत, आणि १९८३ पासून प्रकाश निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर तोडतो तेवढी लांबी म्हणजे मीटर, असे ठरले. आपल्याकडे १९५६ हे साल या दृष्टीने स्मरणीय आहे: त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वजनमापांचा केंद्रीय कायदा होऊन शेर, मण, पायली आणि कोस यांच्या कारकिर्दीची अखेर सुरू झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केलेली सत्तावन्न क्रमांकाची किलोग्रॅमची प्रत ही पुढे हिंगोलीच्या मोंढ्यातील प्रत्येक वजनाची दूरची जननी ठरली. आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही धातूच्या दंडगोलातून सुटून प्लांकच्या स्थिरांकाशी बांधला गेला. मापाच्या एककाने अशा रीतीने मनुष्याच्या हातची वस्तू सोडून निसर्गाच्या अढळ नियमाचा आश्रय घ्यावा, ही मागील दोन शतकांची वाटचाल आहे, आणि दुधाळ्याच्या वेधशाळेतील मोजपट्टीही त्याच वाटेने प्रकाशाची बनली आहे.

आइन्स्टाइनने १९१६ साली असे दाखविले की प्रचंड वस्तुमाने वेगाने फिरू लागली म्हणजे अवकाश आणि काल यांच्या विणीतच लहरी उठतात व प्रकाशाच्या वेगाने पसरतात. या गुरुत्वीय लहरी जेथून जातात तेथे एका दिशेचे अंतर क्षणमात्र ताणले जाते आणि तिच्या काटकोनातील दिशेचे आकसते. पण किती? दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आलेल्या लहरीने चार किलोमीटरच्या अंतरात घडणारा बदल हा अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांइतका असतो. असे काही कधी मोजता येईल यावर खुद्द आइन्स्टाइनचाही भरवसा नव्हता. अमेरिकेतील जोसेफ वेबर यांनी साठीच्या दशकात ॲल्युमिनियमचे अवजड दंडगोल टांगून प्रयत्न केला आणि १९६९ साली आपल्याला लहरी सापडल्याचे जाहीर केले; इतरांनी तसेच दंडगोल टांगले, परंतु कोणालाही काही सापडले नाही. वेबर यांचे साहस मोठे होते आणि या क्षेत्राचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा मान कायम आहे. तथापि निव्वळ योगायोगाने दोन उपकरणे एकाच वेळी किती वेळा थरथरतील, याचा त्यांचा अंदाज चुकला होता. त्यांच्या अनुभवाने पुढच्या पिढीला धडा दिला. रेनर वाइस यांनी १९७२ साली लेझर-किरणांच्या व्यतिकरणावर चालणाऱ्या उपकरणाचा जो आराखडा लिहिला, त्याचे खरे मोल लहरी कशा पकडाव्यात या भागापेक्षा, लहरींचा भास कशाकशाने होऊ शकेल याच्या त्यातील तपशीलवार यादीत आहे: जमिनीचे कंप, आरशातील रेणूंची उष्णताजन्य थरथर, नळीत उरलेल्या वायूचे कण, लेझरची चंचलता, आणि प्रकाशकणांची अटळ यदृच्छा. आधी शंकांची यादी आणि मग यंत्र, या क्रमाने जे उभे राहिले ते लिगो: अमेरिकेच्या हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील, चार-चार किलोमीटरांच्या दोन काटकोनी भुजांच्या जुळ्या वेधशाळा.

या कथेत महाराष्ट्र शिरतो तो पुण्याच्या वाटेने. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेत संजीव धुरंधर यांनी असा प्रश्न हाती घेतला की, गोंगाटात पूर्ण बुडालेली एवढी क्षीण खूण ओळखायची तरी कशी. त्याचे उत्तर असे की तारे मीलनापूर्वी जी लहर सोडतील तिचा आकार सिद्धान्तावरून आधीच काढून ठेवावा आणि तो साचा उपकरणाच्या नोंदीवरून क्षणाक्षणाने सरकवीत जुळणी पाहावी. परंतु ताऱ्यांची वस्तुमाने आधी ठाऊक नसतात, म्हणून साचे अनेक लागतात. ते फार विरळ ठेवले तर खूण निसटेल आणि फार दाट ठेवले तर गणनयंत्रे पुरी पडणार नाहीत. ते नेमके किती आणि कोणत्या अंतराने ठेवावेत, याचा विचार धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला, तेव्हा लिगोच्या बांधकामासही आरंभ झालेला नव्हता. पुढे २००१ साली अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी पृथ्वीवर दूरदूर पसरलेल्या अनेक वेधशाळांच्या नोंदी एकत्र गुंफून एकच महायंत्र असल्याप्रमाणे त्या कशा वाचाव्यात, याची रीत दिली. २००९ साली देशातील अभ्यासकांनी 'इंडिगो' नावाचा संघ स्थापिला. आणि अमेरिकेकडील तिसऱ्या यंत्राची सामग्री ऑस्ट्रेलियाला देण्याची योजना फलद्रूप न झाल्यामुळे ती भारतात आणण्याची वाट मोकळी झाली.

दरम्यान, २०१० च्या सप्टेंबरात, लिगोच्या नोंदीत एक स्वच्छ खूण उमटली. शेकडो शास्त्रज्ञांनी सहा महिने तिचे विश्लेषण केले, निबंधही लिहून तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमक्ष लखोटा फोडण्यात आला तेव्हा कळले की ती खूण परीक्षेसाठी मोजक्या अधिकाऱ्यांनी गुपचूप घातलेली बनावट खूण होती. हे अगोदरच ठरलेले होते. अशी खूण केव्हातरी घातली जाईल एवढे सर्वांना माहीत होते, केव्हा ते ठाऊक नव्हते. आपल्या आनंदालाही परीक्षेस बसविणारी ही संस्था खरोखर वंदनीय म्हटली पाहिजे. म्हणूनच १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतीय घड्याळात दुपारी तीन वाजून वीस मिनिटे झाली असता, एका सेकंदाच्या पाचव्या भागापुरती जी खूण आधी लिव्हिंग्स्टनला आणि मग सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला उमटली, ती पाहून कोणी लगेच जल्लोष केला नाही. प्रथम चौकशी झाली ती ही खूण कोणी घातली तर नाही ना, याची.

पाच महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, जो निबंध प्रसिद्ध झाला त्यातील आकडे मराठी वाचकाने एकदा मनापासून वाचावेत असे आहेत. एका कृष्णविवराचे वस्तुमान छत्तीस सूर्यांइतके, अधिक पाच किंवा उणे चार; दुसऱ्याचे एकोणतीस, अधिकउणे चार; मीलनानंतरचे बासष्ट, अधिकउणे चार; आणि लहरींच्या रूपाने उधळले गेलेले तेज तीन सूर्यांइतके, अधिकउणे अर्धा. अंतर सुमारे एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षे, पण त्याची अनिश्चितता चाळीस टक्क्यांच्या घरात. हा सारा निव्वळ योगायोग असेल काय, याचे उत्तर काढण्यासाठी एका वेधशाळेची नोंद दुसरीच्या नोंदीवर मुद्दाम पुढेमागे सरकवून, म्हणजे खरी जुळणी अशक्य करून, खोट्या जुळण्या किती होतात त्या मोजल्या गेल्या. आणि निष्कर्ष असा आला की असा योगायोग दोन लाख तीन हजार वर्षांत एकदाही घडण्याची अपेक्षा नाही. वेबर जेथे अडखळले होते ती पायरी अशी बांधून काढल्यावरच घोषणा झाली. त्यानंतर सहाव्या दिवशी, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, भारताच्या मंत्रिमंडळाने लिगो-इंडियास तत्त्वतः मंजुरी दिली, आणि ३१ मार्चला वॉशिंग्टन येथे उभय देशांत करार झाला.

जागेचा शोध आधीच चालू होता. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळून जमिनीत जो मंद पण अखंड कंप उत्पन्न करतात त्यापासून दूर, मोठे कारखाने, रेल्वे आणि हमरस्ते यांच्या गडगडाटापासून दूर, पण वीज, पाणी आणि दळणवळण यांच्या आवाक्यात, आणि शिवाय चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात मावतील एवढी सपाटी असलेली, अशी जागा देशभर धुंडाळल्यावर औंढा नागनाथ तालुक्यातील या माळाची निवड झाली. जागेची निवड आणि गणनाची बाजू आयुकाकडे, लेझर व आरशांची जुळणी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, निर्वात नळ्यांची प्रणाली गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, आणि बांधकाम अणुऊर्जा खात्याच्या बांधकाम शाखेकडे, अशी वाटणी झाली. ६ एप्रिल २०२३ रोजी दोन हजार सहाशे कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी कोनशिला बसली.

या माळावर आता जे घडवावयाचे आहे त्यातील एक तपशील लॅम्बटनच्या आत्म्यास फार भावला असता. भुजेतील नळी प्रकाशासाठी आहे आणि प्रकाश सरळ जातो. पृथ्वी मात्र वाटोळी आहे. एका टोकाशी पाणसळ लावून क्षितिजसमांतर रेषा आखली, तर चार किलोमीटरवर तिच्याखालची समतल पातळी सुमारे सव्वा मीटर खाली गेलेली असते. म्हणून पाणसळ जिला सपाट म्हणते ती भूमी येथे चालत नाही. ज्या वक्रतेचे मान काढण्यासाठी हैदराबाद-वऱ्हाडच्या रानांतून साखळ्या आणि थिओडोलाइट फिरले, ती वक्रता जमेस धरूनच नळीचा पाया घालावा लागतो. त्या नळीच्या टोकांशी चाळीस किलोग्रॅमचे, काचेच्या अतिशुद्ध सिलिकाचे आरसे, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक सिलिकाच्याच धाग्यांनी, चार पायऱ्यांच्या लंबकाच्या शेवटी टांगायचे असतात, जेणेकरून जमिनीचा कंप वरून खाली येता येता विरून जावा.

जमिनीचा कंप हा येथे पोथीतला शब्द नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतील लोकांनी गेली कित्येक वर्षे भूगर्भातून येणारे गूढ आवाज ऐकले आहेत, आणि २०२४ च्या मार्च व जुलै महिन्यांत साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के जिल्ह्याने अनुभवले आहेत. अशा धक्क्याने आरशांची जुळणी क्षणभर सुटते आणि ती पुन्हा साधावी लागते. म्हणून वेधशाळेत लहरी ऐकणारे उपकरण एक आणि त्याला फसवू शकणाऱ्या गोष्टींवर पाळत ठेवणारी उपकरणे अनेक, असाच थाट असतो. भूकंपमापके, ध्वनिग्राहके, चुंबकमापके रात्रंदिवस नोंद घेत असतात. २०१७ साली हॅनफर्डच्या नोंदीत एक चमत्कारिक टकटक आढळली, तेव्हा माग काढता काढता शास्त्रज्ञ पोहोचले ते थंड नळावर साचलेले हिम चोचीने टोचणाऱ्या डोमकावळ्यांपाशी. नळाला आवरण घालण्यात आले आणि ती शंका यादीतून खोडली गेली.

सर्वच शंका अशा खोडता येत नाहीत. प्रकाश हा कणाकणाने येतो आणि कण केव्हा येईल यावर कोणाची हुकमत नाही. लेझरची शक्ती वाढवावी तर मोजणी अधिक सुरेख होते, पण तेच अधिक कण आरशाला अनियमित धक्के देऊ लागतात. एका बाजूची अनिश्चितता दाबली की दुसऱ्या बाजूची उसळते. ही मर्यादा कारागिरीची नाही, ती निसर्गाच्या मुळाशीच आहे. तरीही २०१९ पासून लिगोत 'संपीडित' प्रकाश वापरून, मोजणीस जी बाजू नको ती फुगू देऊन, हवी ती बाजू आवळण्यात यश आले आहे. आणि आरसा नेमका किती हलला, हे सांगणाऱ्या आकड्याची खातरजमा कशी करतात? दुसऱ्या एका लेझरचा झोत आरशावर सोडून. प्रकाशालाही दाब असतो. झोताची शक्ती अचूक ठाऊक असेल तर आरसा किती हलला पाहिजे हे गणिताने निघते. ती शक्ती मोजणारे उपकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेतील मानकाशी ताडून घेतलेले असते. तात्पर्य, अब्जावधी प्रकाशवर्षांवरील मीलनाचे अंतर शेवटी एका वॅटच्या खरेपणावर अवलंबून राहते, कारण लहरीची उंची जितकी चुकेल तितकेच अंतरही चुकते.

मग जगात अशा चार वेधशाळा असताना पाचवीची गरज काय? त्याचे उत्तर पुन्हा त्रिकोणमितीत आहे. लहर कोणत्या वेधशाळेला आधी आणि कोणत्या वेधशाळेला मागाहून लागली, यावरून तिची दिशा काढतात. दोन अमेरिकी वेधशाळांच्या बळावर २०१५ ची घटना आकाशाच्या सुमारे सहाशे चौरस अंशांच्या पट्ट्यात कोठेतरी, एवढेच सांगता आले होते. इटलीची व्हर्गो सामील झाल्यावर १७ ऑगस्ट २०१७ रोजी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा अठ्ठावीस चौरस अंशांत आली, दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो नवा प्रकाश प्रत्यक्ष दिसला. त्यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग, किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक या एककात, सत्तर निघाला, अधिक बारा किंवा उणे आठ. सध्या या वेगाविषयी दोन पंथ आहेत: आद्य विश्वाच्या प्रारणावरून सदुसष्टच्या वर थोडा येतो, दीर्घिकांच्या अंतरांवरून त्र्याहत्तरच्या जवळ, आणि प्रत्येकाने सांगितलेल्या अनिश्चिततेत दुसरा बसत नाही. कल्याणपूर आणि कलियाना यांच्यामधील सव्वापाच विकलांसारखी ही शिल्लक आहे. तिच्याखाली कदाचित मोजणीतील एखादी लपलेली त्रुटी असेल, कदाचित एखादा नवा हिमालय. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्यामध्ये प्रकाशास दहा सहस्रांश सेकंद लागतात. हिंगोलीपासून त्यांच्यापैकी कोणत्याहीकडे जाण्यास तीसहून अधिक. पायारेषा जितकी लांब तितका कोन नेमका, हे लॅम्बटनला ठाऊक होते.

या जिल्ह्यातील शेतकऱ्याला मापनातील अनिश्चितता शिकविण्यासाठी मात्र कोणत्याही वेधशाळेची आवश्यकता नाही. दरसाल त्याच्या गावाची पैसेवारी, म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या मानाने पीक किती आले याचा आकडा, निघते: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, पन्नास पैशांच्या खाली आकडा गेला तर सवलती, वर राहिला तर नाही. या आकड्यामागील पीककापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय नमुनापद्धतीची बैठक देणारे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची धाटे आत धरली जातात आणि उत्पन्न वाजवीपेक्षा फुगून दिसते, हे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले. केवढी सूक्ष्म, केवढी न्यायाची दृष्टी! कडेवरच्या चार धाटांच्या हिशेबावर एखाद्या गावाचा सारा माफ होणार की नाही हे ठरते, याची जाणीव त्यामागे आहे. तरीही चावडीवर लागणाऱ्या यादीत पैसेवारीचा आकडा एकटाच लिहिलेला असतो. त्याच्यापुढे अधिकउणे काही नसते, आणि अठ्ठेचाळीस पैसे व बावन्न पैसे यांतील भेद खराच आहे की मोजणीच्या त्रुटीत जिरून जाणारा आहे, हे सांगण्याची तजवीज त्या कागदात नाही.

म्हणून दुधाळ्याच्या शिवारातील या प्रकल्पाकडे केवळ परदेशी यंत्राचे आगमन किंवा जिल्ह्याच्या लौकिकात पडलेली भर एवढ्याच दृष्टीने पाहू नये. या दशकाच्या अखेरीस काम पुरे करण्याचा संकल्प आहे; तसे झाले, तर येथून जो प्रत्येक आकडा जगाकडे जाईल त्याच्यासोबत त्याच्या शंकेचाही आकडा जाईल, आणि दोन हजार सहाशे कोटी रुपयांच्या मोबदल्यात आपण जे घेणार आहोत ते त्या दुसऱ्या आकड्याचे लहान होणे आहे. औंढ्याच्या, वसमतच्या, कळमनुरीच्या, सेनगावच्या शाळांतील मुले ही वेधशाळा पाहावयास जातील तेव्हा त्यांना कृष्णविवरांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. परंतु त्याआधी त्यांच्या हाती एक फूटपट्टी देऊन बाकाची लांबी दहा वेळा मोजावयास लावावे, दहा वेगळी वाचने प्रामाणिकपणे वहीत उतरवून घ्यावीत, आणि त्यांतले एकही खोडू देऊ नये. ज्या समाजाला आपला आकडा किती खरा आहे हे सांगता येते त्याच्याशी व्यवहार करणे सोपे जाते, मग तो व्यवहार ताऱ्यांच्या अंतराचा असो की पिकाच्या पैसेवारीचा. आणि ही सवय अंगी बाणविणारी शाळा हिंगोली जिल्ह्यात उघडत आहे, याचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो.